हवामानाची बैठक, बाहेरचे पूरग्रस्त

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्याच वर्षी सातारा-सांगलीच्याच माण, जत आणि आटपाडी तालुक्यांत टँकर आणि चारा छावण्या सुरू होत्या. एकाच खोऱ्यात महापूरही आणि दुष्काळही. पण हवामानाची धोरणे जिथे ठरतात, तिथे सातारा-सांगलीला जागा नाही. खुद्द महाराष्ट्रालाही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात देश हेच पक्षकार असतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. म्हणून 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट 2021 मध्ये ग्लासगोला जाहीर केले ते भारताने. राज्ये तिथे जातात ती पाहुणी म्हणून. नदीच्या वाटणीतही जिल्ह्याची अवस्था तीच. कृष्णा पाणीतंटा लवादापुढे राज्ये उभी राहतात, पूरग्रस्त जिल्हे नाहीत. कृष्णेवरील कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास लवादाने 2010 मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून सांगलीकर पुराच्या भीतीने धास्तावलेले आहेत. 2019 च्या पुराला अलमट्टी जबाबदार नव्हते, अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे होती, असे राज्य सरकारच्याच वडनेरे समितीने म्हटले. तो निष्कर्ष इथे अनेकांना पटलेला नाही.

बैठकीबाहेर राहणे म्हणजे काय, हे तैवानकडे पाहिले की कळते. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा बीजिंगकडे गेली आणि तैवान बाहेर पडले. आजही ते हवामान कराराचे आणि पॅरिस कराराचे पक्षकार नाही. परिषदांना त्यांची माणसे जातात ती संस्थांचे प्रतिनिधी म्हणून. तरीही तैवानने 2015 मध्ये हरितगृह वायूंचा कायदा केला, 2023 मध्ये तो बदलून 2050 चे निव्वळ शून्य उद्दिष्ट कायद्यातच लिहिले आणि वर्षाला 25 हजार टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या मोठ्या उद्योगांवर कार्बन शुल्क लावले. त्याचा सर्वसाधारण दर टनाला 300 तैवानी डॉलर आहे. कोणी सही मागितली नव्हती, मग हा खटाटोप कशासाठी? कारण त्यांचे पोट निर्यातीवर आहे. पोलादासारखा माल युरोपात पाठवायचा तर त्यामागच्या कार्बनचा हिशेब आता सीमेवर द्यावा लागतो. तिथे देश मान्यताप्राप्त आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. मिरज-कुपवाडच्या कारखानदारालाही उद्या हाच हिशेब विचारला जाऊ शकतो.

मात्र बाहेर राहण्याची किंमत मोजावीच लागते. तैवानला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान निधीची दारे बंद आहेत. आपली अडचण तेवढी मोठी नाही, पण वाट लांबची आहे. परदेशी कर्ज राज्याला थेट मिळत नाही, ते केंद्रामार्फत येते. म्हैसाळ उपसा योजनेचे उदाहरण घ्या. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून ते जतपर्यंत न्यायचे, म्हणजे वीजबिल प्रचंड. त्यातला 81 टक्के भार शासन उचलते, 19 टक्के शेतकरी. हे बिल कमी व्हावे म्हणून जत तालुक्यातील संख येथे सुमारे 200 मेगावॅटचा सौरप्रकल्प आखला गेला, तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर. पाणी जतचे, पैसा जर्मनीचा, आणि मधला रस्ता दिल्लीवरून.

तरी राज्याच्या हाती थोडेथोडके नाही. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ या राज्याच्या पर्यावरण अभियानाला कोणत्याही जागतिक कराराची सक्ती नव्हती. साताऱ्यातल्या कराड आणि पाचगणी या नगरपालिकांनी त्यात पुरस्कार मिळवले. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याही पॅरिस कराराच्या कितीतरी आधी. जमीन, पाणी, शेती आणि नगररचना हे विषय राज्याचे आहेत, आणि हवामानाचा मार नेमका तिथेच बसतो.

म्हणून सांगलीची खरी कसोटी निळ्या पूररेषेवर आहे. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही रेषा. नदी आणि ती रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. त्या पट्ट्यात भराव पडतो, प्लॉट विकले जातात, पुढे घरे उठतात. याला ना लवाद जबाबदार, ना पॅरिस. अलमट्टीच्या वाढीव उंचीविरुद्ध राज्याने जरूर भांडावे, दोन्ही राज्यांच्या धरणांतील विसर्गाची माहिती वेळेवर आणि उघडपणे मिळावी यासाठीही आग्रह धरावा. पण निळ्या रेषेच्या आत परवानगी देणारी सही आपल्याच शहरात होते. पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आला, तर त्याला अलमट्टीबद्दल विचाराच. त्याआधी आपल्या प्रभागातील निळ्या रेषेबद्दल विचारा.