गाडीची उंची तेवढीच ठेवली

आमच्या धाकट्या भावाकडे 1994 सालची टाटा मोबाइल आहे. चिपळूणजवळच्या आमच्या गावात तिला सगळे नुसती ‘पिकअप’ म्हणतात. गेल्या मार्गशीर्षात कराडहून पेंडीची पोती भरून कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर तिचं मागचं अंग बाहेर सरकलं. कठड्याच्या जेमतेम अलीकडे भावानं ती थांबवली. शेजारी बसलेली भावजय घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, “भावोजी, एक तर ही गाडी राहील, नाही तर मी!”

पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे उपाय तयार होता. मागचे दोन पाटे काढायचे, गाडी दोन इंच खाली घ्यायची. तर्क खोटा नव्हता. भार जमिनीजवळ आला की गाडी वळणावर कमी झुकते. पण आमच्या बागेच्या वाटेवर जांभ्याचे दगड वर आलेले, मध्ये पऱ्ह्या. तिथं गाडीचं पोट घासणार. शिवाय पाटे काढलेल्या गाडीत पोती चढली की ॲक्सल वर आपटणार.

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि मलाही वाकायला लावलं. बँकेत असताना मी कितीतरी गाड्यांना कर्ज दिलं, चॅसी नंबर ताडून पाहिले; पाट्यांखाली मात्र कधी डोकावलो नव्हतो. मिस्त्रींनी पहार घालून पाटा हलवला. शॅकलचे बुश झिजून भोकं लांबट झालेली. पाट्याचं टोक असं सरकलं की मागचा ॲक्सल किंचित तिरका होतो, म्हणजे स्टिअरिंग न फिरवताच गाडी मागून वळते. एक शॉकॲब्सॉर्बर तेल गाळत होता, यू-बोल्ट सैल होते.

“पोती कशी रचली होती?” मिस्त्रींनी विचारलं. भाऊ दुसरीकडे बघू लागला. उतरवायला सोपं म्हणून त्यानं ती मागच्या फळीशी उंच रचली होती.

बुश, पिना बदलल्या. शॉकॲब्सॉर्बर जोडीनं बदलले. अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. सांधे सैल असताना ते करणं म्हणजे हलत्या तराजूत वजन करणं. दोन्ही बाजूंना जोडणारा, झुकाव रोखणारा पोलादी दांडा बसवावा का, असं पुतण्यानं विचारलं. त्यानं उंची कमी होत नाही, हे खरं. “आधी झिजलेलं बदलून बघू,” मिस्त्री म्हणाले.

वैशाखात आंब्याच्या पेट्या कराडला पोचवून परतताना पुन्हा पेंड भरली. या खेपेला केबिनला टेकवून, बुटकी रचली. आम्ही तिघं पुढे दाटीवाटीनं बसलो होतो. ते वळण येईपर्यंत भावजयीनं समोरची दांडी घट्ट धरली होती. वळण मागं पडल्यावर तिनं हात काढून पदर सारखा केला आणि फराळाचा डबा उघडला.