अठरा इंची हौस आणि पंधरा इंची गाडी

जुनी मर्सिडीज घेतलेल्या दहा माणसांपैकी सातआठ जण पहिल्या वर्षातच एक प्रश्न विचारतात: चाकं मोठी केली तर चालेल का? मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आणि गेली पंधरासोळा वर्षं जुन्या मोटारींची मोजमापं घेऊन वहीत उतरवणं हा माझा उद्योग आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातली चाकं उलटी करून त्यांच्या पाठीवरचे आकडे वाचत बसलेला माणूस दिसला, तर तो बहुधा मीच. या आकड्यांच्या जोरावर त्या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहतो.

उदाहरणासाठी गाडी घेऊ ती डब्ल्यू १२४. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचं नातं १९५४ पासूनचं, पण ते ट्रकचं होतं. मर्सिडीजची मोटार आपल्याकडे जुळू लागली ती १९९५ मध्ये, पिंपरीत, आणि ती पहिली मोटार म्हणजे हीच डब्ल्यू १२४. युरोपात ती १९८४ च्या अखेरीस आली होती, म्हणजे आपल्या वाट्याला आली तेव्हा तिची उतरती वर्षं चालू होती. पुण्या-मुंबईत आणि कोल्हापूर-सांगलीकडे ई २२० आणि ई २५० डिझेल अजून चालत्या सापडतात, त्या याच.

या गाडीचा मूळ टायर १९५/६५ आर १५. टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिमचा व्यास १५ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिरंगी संसार का, हे कोडं मला बरेच दिवस होतं. मिशेलिनने १९७५ मध्ये टीआरएक्स नावाने रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये आणून पाहिली. ती साध्या टायरशी जुळत नसे, म्हणून गिऱ्हाईक अडकून पडे आणि पुढे ती पद्धत मागे पडली. इंच जगले ते असे.

आता हिशेब. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, कारण ती वरही आहे आणि खालीही. १९५ चे ६५ टक्के म्हणजे १२६.७५, त्याची दुप्पट २५३.५. चाकाचा पूर्ण व्यास झाला ६३४.५ मिलिमीटर. २२५/४५ आर १७ या टायरचा व्यास याच रीतीने काढला तर ६३४.३ येतो. रिम दोन इंचांनी वाढली तरी चाक तेवढंच राहिलं, वाढलेली जागा रबराच्या भिंतीतून काढून घेतली. चाकं मोठी करण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. मोठी दिसते ती रिम, चाक मोठं व्हायला नकोच असतं.

दुकानात मात्र टायर निवडला जातो तो उपलब्धतेवर. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांची १९९६ ची ई २२० आहे, वडिलांनी घेतलेली. मुलाच्या लग्नात नवरा-नवरी त्याच गाडीतून जाणार म्हणून त्यांनी तिला १८ इंची मॅगव्हील आणि २३५/४० चे टायर बसवून घेतले. व्यास ६४५.२, म्हणजे मूळच्यापेक्षा १.७ टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०१.७ ने पळते. एवढा फरक सोसण्यासारखा आहे, आणि चारही चाकं सारखीच बदलल्यामुळे एबीएसचाही गोंधळ होत नाही. (फक्त मागची दोन बदलणारे महाभाग मी पाहिले आहेत.) खरी अडचण व्यासात नव्हती.

ती होती एका आकड्यात, जो कुणी विचारतच नाही. चाकाची गाडीला टेकणारी बैठक रिमच्या मध्यापासून किती बाहेरच्या बाजूला आहे, ते अंतर. रिमच्या पाठीवर ते ईटी या अक्षरांनी कोरलेलं असतं. मूळ चाक साडेसहा इंच रुंद आणि ईटी ४८. डॉक्टरांचं नवं चाक आठ इंच रुंद आणि ईटी ३५. वजाबाकी केली की दिसतं, रिमची बाहेरची कड ३२ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ६ मिलिमीटर आत सरकली. पाच माणसं आणि डिकीत सामान असताना गाडी खाली बसली की मागचा टायर मडगार्डच्या कडेला घासणार, हे कागदावरच कळत होतं.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, कंपनीनेच अशी गाडी काढली होती.’ खरं आहे, काढली होती. १९९० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या ५०० ई ला आठ इंच रुंदीची, ईटी ३४ ची चाकं होती. पण त्या चाकांसाठी कंपनीने मडगार्डच बाहेर फुगवून घेतले होते, आणि गाडीच्या बांधणीचं बरंचसं काम पोर्शेच्या त्सुफनहाउजनच्या कारखान्यात सोपवलं होतं. शिवाय एवढ्या ताकदवान गाडीलाही रिम दिली १६ इंची आणि टायर २२५/५५ चा. त्या अभियंत्यांना १८ इंच सुचले नसतील असं मला वाटत नाही.

चाक बाहेर सरकल्याचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. चाकाचा मध्य १३ मिलिमीटर बाहेर गेला की रस्त्याचा प्रत्येक धक्का तेवढ्या लांब दांड्याने बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर येतो. नव्या गाडीत हे खपून जाईलही. तीस वर्षांच्या गाडीत बुश कडक झालेले असतात आणि खालचा बॉल जॉइंट खिळखिळा असतो. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि मालक अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारत बसतो.

खड्ड्यांचंही गणित आहे. मूळ टायरची भिंत १२७ मिलिमीटर, नव्याची ९४. रिम आणि डांबर यांच्यामधली हवेची गादी ३३ मिलिमीटरने कमी झाली. पावसाळ्यात पुणे-सातारा रस्त्यावर पाण्याखालचा खड्डा लागला की ती गादी पूर्ण दबते, रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटला जातो आणि त्याच्या आतले धागे तुटतात. दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढायचाच.

‘पण रुंद टायरची पकड जास्त,’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. गाडी सुमारे १४०० किलोची धरली तर एका चाकावर ३५० किलो येतात. हवा ३० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार केला की टायर जमिनीला टेकतो ती जागा येते १६५ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून जरा मोठी. या हिशेबात टायरची रुंदी कुठे आलीच नाही. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे थोडा फरक पडतो, पण ढोबळमानाने रुंद टायरची टेकण्याची जागा आडवी पसरते आणि लांबीत आखडते. वळणावर त्याचा फायदा होतो, हे मान्य. साचलेल्या पाण्यात मात्र तोच टायर लवकर तरंगतो.

आता बोल्टविषयी, कारण जिवाशी गाठ इथे आहे. या गाडीचं चाक पाच बोल्टवर बसतं, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळात. मूळ बोल्टचं डोकं खालून गोल, वाटीसारखं असतं. बाजारातल्या बऱ्याच रिमना मात्र निमुळत्या डोक्याचे बोल्ट लागतात. गोल डोकं निमुळत्या खड्ड्यात घातलं की ते फक्त एका रेषेवर टेकतं, घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि धावताना सैल होतं. लांबीही मोजावी लागते. मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे लायनर असतात. बोल्ट लांब असला तर तो आरपार जाऊन त्यांनाच भिडतो. डॉक्टरांच्या गाडीचा हँडब्रेक लग्नानंतर दोन आठवड्यांत खरखरू लागला. ड्रायव्हर कंटाळून तो ओढायचाच बंद झाला होता, आणि ती गाडी रोज नातीच्या शाळेच्या उतारावर उभी राहत होती. मागचं चाक उतरवून पाहिलं तर लायनरच्या यंत्रणेवर बोल्टच्या टोकांनी ताजे चकचकीत ओरखडे काढलेले होते.

कायद्याकडे एक नजर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करायला मना करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, आणि मडगार्डबाहेर आलेलं चाक तिथे लपत नाही.

मग मोठी चाकं करूच नयेत का? मला तसं वाटत नाही. एक इंच वाढ ही गाडी सुखाने पेलते. डॉक्टरांसाठी आम्ही त्याच कंपनीच्या जुन्या सी-क्लासची चाकं कुर्ल्यातून शोधली: १६ इंची, सात इंच रुंद, ईटी ३७. त्यावर २०५/५५ चा टायर. व्यास ६३१.९, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. भिंत ११३ मिलिमीटर. भारांक मूळचाच, ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. बाहेरची कड १७ मिलिमीटर बाहेर आली, आतली उलट ५ मिलिमीटरने मोकळी झाली. मधलं भोक ६६.६ मिलिमीटरचं, हबवर नेमकं बसणारं, त्यामुळे रिंगा घालायची गरज पडली नाही. बोल्टही गोल डोक्याचे, त्या रिमसाठीच्या लांबीचे.

घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात दोन वर्षं पडून असलेला एक टायर परत केला. बोल्ट आधी हाताने किती आटे फिरतात ते मोजलं, सहा-सात पूर्ण फिरले, मग टॉर्क पान्याने ११० न्यूटनमीटरला आवळले. चाकं उतरवलेली असतानाच हँडब्रेक नीट करून घेतला. मागे तीन जाडजूड नातेवाईक बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं, गतिरोधकावरून तिरकी गाडी नेली. कुठेही घासलं नाही. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट पाव फेरा घट्ट झाला.