आईचं पित्त आणि कंपायलरचे फ्लॅग

दोन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहायला आली होती. लांबचा प्रवास, जागरण, बदललेलं घड्याळ. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोकं धरून बसली आणि म्हणाली, "पित्त झालंय गं मला." दुपारपर्यंत बरं वाटेना, तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं. दुभाषी अर्थातच मी. 'पित्त' या शब्दाला शब्दकोशात जो इंग्रजी शब्द सापडतो तो, म्हणजे 'बाईल', मी सांगून मोकळी झाले. डॉक्टर एकदम सावध झाल्या. पित्ताशयात कधी खडे झाले होते का, डोळे पिवळे दिसतात का, अशी चौकशी सुरू झाली आणि गोष्ट पार सोनोग्राफीपर्यंत गेली. आईला म्हणायचं होतं ते इतकंच, की घशाशी आंबट येतंय, मळमळतंय आणि डोकं ठणकतंय.

शब्दकोशाप्रमाणे माझं भाषांतर बरोबर होतं. अर्थ मात्र साफ चुकला होता.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी असं काही ना काही केलेलं असतं. मला तो प्रसंग विसरता येत नाही, कारण माझ्या रोजच्या कामात हेच दुभाष्याचं काम करणारा एक छोटासा प्रोग्राम असतो आणि तोही अगदी अशाच चुका करतो. त्याला म्हणतात कंपायलर रॅपर. आज त्याच्याविषयी.

एक काम, अनेक कारागीर

आपण सी, सी-प्लस-प्लस किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्राम संगणकाला थेट कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. असे कंपायलर बरेच आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा लोकांसमोर ठेवलेला जीसीसी, २००७ साली सर्वांसाठी खुला झालेला क्लँग, मायक्रोसॉफ्टचा 'सीएल', शिवाय इंटेल, एनव्हिडिया आणि क्रे यांचे आपापले.

मग एकच निवडून त्यालाच धरून का राहू नये? तीन कारणं आहेत. एक म्हणजे वापरणारे वेगवेगळ्या यंत्रांवर असतात: कुणी विंडोजवर, कुणी लिनक्सवर, कुणी महासंगणकावर. दुसरं म्हणजे वेग. एखाद्या प्रोसेसरसाठी त्याच्या निर्मात्याचा कंपायलर अधिक वेगवान प्रोग्राम तयार करू शकतो. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका कंपायलरच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याला दिसते. लेख दोन मुद्रितशोधकांकडून तपासून घ्यावा, तसं हे आहे.

अडचण अशी, की या प्रत्येक कारागिराशी बोलायची भाषा निराळी. कंपायलरला सूचना द्यायच्या त्या 'फ्लॅग' देऊन. तयार होणाऱ्या फाइलचं नाव काय ठेवायचं हे जीसीसीला सांगायचं, तर डॅश आणि लहान लिपीतला ओ. मायक्रोसॉफ्टच्या सीएलला त्यासाठी दोन वेगळे फ्लॅग लागतात: अर्धवट तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइलसाठी 'एफ-ओ' आणि अंतिम प्रोग्रामसाठी 'एफ-ई'. लायब्ररी जोडायची तर जीसीसीला डॅश-एल आणि नाव पुरतं. सीएलला लायब्ररीच्या फाइलचं नाव शेपटीसकट द्यावं लागतं, आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते लिंकरला वेगळं सांगावं लागतं.

दुभाष्या कसा काम करतो?

रॅपर ही युक्ती तशी सोपी आहे. मोठ्या प्रोजेक्टमध्ये कंपायलरला हाका मारायचं काम 'मेक'सारखी साधनं करतात. कंपायलरचं नाव त्यांना एकाच जागी सांगितलेलं असतं. तिथे खऱ्या कंपायलरऐवजी आपल्या रॅपरचं नाव द्यायचं. मेकला वाटतं, आपण जीसीसीशीच बोलतोय. रॅपर आलेले फ्लॅग एकेक करून वाचतो, ओळखीचा दिसला की समोरच्या कंपायलरच्या भाषेत बदलतो, आणि सगळी यादी झाली की खऱ्या कंपायलरला हाक मारतो.

लिनक्सच्या जगात ऑटोमेक नावाचं साधन अनेक वर्षं वापरात आहे. त्याच्यासोबत 'कंपाईल' नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते. तिला सीएलचं नाव दिलं, की वर सांगितलेली भाषांतरं ती निमूटपणे करते. त्यामुळे लिनक्सवर जन्मलेला प्रोजेक्ट, त्याची मेकफाइल न बदलता, विंडोजवरच्या कंपायलरकडून बांधून घेता येतो.

उलट दिशेचा दुभाष्याही आहे. क्लँगसोबत 'क्लँग-सीएल' येतो. तो मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचे फ्लॅग ऐकतो आणि आत काम मात्र क्लँगकडून करून घेतो. हा काही हौशी खेळ नाही. २०१८ सालच्या आवृत्ती ६४ पासून विंडोजवरचा क्रोम ब्राउझर क्लँगनेच बांधला जातो.

महासंगणकांवर तर रॅपरशिवाय पान हलत नाही. अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारे प्रोग्राम 'एमपीआय' वापरतात आणि ते बांधायला 'एमपीआय-सीसी' नावाची आज्ञा असते. ती कंपायलर आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती रॅपर आहे. लागणारे फोल्डर आणि लायब्रऱ्या जोडून ती काम पुढे ढकलते. क्रेच्या यंत्रांवर सी, सी-प्लस-प्लस आणि फोरट्रानसाठी प्रत्येकी एक रॅपर असतो. एक मॉड्यूल बदललं, की त्याच आज्ञेमागे जीसीसी, इंटेल किंवा क्रेचा कंपायलर उभा राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली सुरू झालेला 'प्रत्यूष' हा क्रेच्या याच घराण्यातला, एक्ससी-४० जातीचा, ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक. हवामानाच्या प्रारूपांचा उल्लेख लेखात पुढे येणार आहे, म्हणून हे नाव ध्यानात ठेवा.

शिक्षा म्हणजे काय?

इथवर सगळं सुरळीत वाटतं. शब्दाला शब्द ठेवला की झालं. पण मराठी माणसाने हिंदी बोलताना कुठे ठेच लागते, ते आठवून पाहा. 'शिक्षा' हा शब्द दोन्हीकडे आहे. हिंदीत तो शाळेत मिळतो, आपल्याकडे कोर्टात.

कंपायलरच्या जगातली 'शिक्षा' म्हणजे 'डब्ल्यू-ऑल' हा फ्लॅग. अर्थ वरवर सरळ आहे: सगळ्या धोक्याच्या सूचना दाखव. जीसीसीमध्ये मात्र तो 'सगळ्या' दाखवत नाही, बहुतेकांना उपयोगी पडतील अशा निवडक दाखवतो. मायक्रोसॉफ्टचा सीएल शब्दाला जागतो आणि खरोखरच सगळ्या दाखवतो. एरवी मुद्दाम बंद ठेवलेल्याही, आणि त्याच्याच स्वतःच्या हेडर फाइलींबद्दलच्याही. हा फ्लॅग जसाच्या तसा पलीकडे पाठवला, तर पडद्यावर सूचनांचा पूर येतो आणि कामाची एक सूचना त्यात वाहून जाते. जीसीसीच्या 'डब्ल्यू-ऑल'चं जवळचं भाषांतर सीएलमध्ये 'डब्ल्यू-थ्री' किंवा 'डब्ल्यू-फोर'. उलट बाजूने क्लँग-सीएलला 'डब्ल्यू-ऑल' दिलं, तर तो त्याचा अर्थ क्लँगच्या 'डब्ल्यू-एव्हरीथिंग' असा लावतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी शब्द बाजूला ठेवून अर्थ पाहिला.

दुसरं उदाहरण वेगाचं. जीसीसीला 'ओ-थ्री' सांगितलं, की तो प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कसून मेहनत घेतो. सीएलकडे 'ओ-थ्री' नाहीच. त्याच्याकडे 'ओ-टू' आहे. अनोळखी फ्लॅग दिसला की तो एक ओळीची सूचना देतो आणि पुढे जातो. वेगाबद्दल दुसरं काही सांगितलेलं नसेल, तर तो सुधारणा करतच नाही. प्रोग्राम तयार होतो, उत्तरंही बरोबर देतो, पण रखडत चालतो. सूचनेची ती एक ओळ हजारो ओळींमध्ये कोण वाचतं?

न बोललेल्या गोष्टीचं भाषांतर

इथपर्यंतच्या चुका त्रासाच्या आहेत, पण धोक्याच्या नाहीत. धोका सुरू होतो तो उत्तरच बदलतं तिथे.

संगणक दशांश अपूर्णांक ठरावीक अंकांपुरतेच साठवतो. त्यामुळे शाळेत शिकलेला नियम, बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं, इथे पाळला जाईलच असं नाही. १ वर १७ शून्यं ही संख्या घ्या. तिच्यातून तीच वजा करा आणि मग १ मिळवा. उत्तर १. आता क्रम बदला: आधी १ मिळवा, मग ती मोठी संख्या वजा करा. नेहमीच्या 'डबल' प्रकारात उत्तर येतं शून्य, कारण एवढ्या मोठ्या संख्येशेजारी तो १ मावतच नाही.

कंपायलरला वेग हवा असेल, तर तो असे क्रम बदलू शकतो. परवानगी कधी आहे हे फ्लॅग ठरवतात, आणि फ्लॅगच दिला नसेल तर ज्याची त्याची सवय. जीसीसी न सांगता बेरजांचा क्रम बदलत नाही. इंटेलचा कंपायलर मूळचाच 'वेगवान' पद्धतीवर असतो. काटेकोर हिशेब हवा असेल तर तसं त्याला सांगावं लागतं. म्हणजे एकही फ्लॅग न देता दोघांना तोच प्रोग्राम दिला, तरी आपण दोन वेगळ्या सूचना दिलेल्या असतात. रॅपर जे लिहिलं आहे त्याचं भाषांतर करतो. जे लिहिलंच नाही, त्याचं कसं करणार?

असल्या बारीक फरकाने काय बिघडतं, याचं उत्तर एडवर्ड लोरेन्झ यांना १९६१ साली मिळालं. हवामानाचं एक छोटं प्रारूप पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापून आलेला ०.५०६ हा आकडा भरला. थोड्याच वेळात नवं हवामान आणि जुनं हवामान यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

हल्लीचं उदाहरण हवं असेल, तर सीईएसएम या जागतिक हवामान प्रारूपाचं घ्या. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात ते सांभाळलं जातं. तिथल्या संशोधकांनी कबूल केलं, की वेगवेगळ्या कंपायलरकडून शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर मागणं व्यर्थ आहे. म्हणून त्यांनी संख्याशास्त्रीय कसोटी तयार केली: सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून प्रारूप पुष्कळदा चालवायचं आणि नव्या कंपायलरचं उत्तर त्या घोळक्यात बसतं का ते पाहायचं. आरगॉन प्रयोगशाळेतल्या 'मिरा' या महासंगणकावरची उत्तरं त्या घोळक्यात बसेनात. माग काढत गेल्यावर एक मुख्य कारण निघालं ते गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करणाऱ्या सूचना. त्यात दोनदा होणारं पूर्णांकन एकदाच होतं. ती सोय बंद केल्यावर उत्तरं पुन्हा घोळक्यात आली.

म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. एकदाच पूर्णांकन करणं उलट अधिक अचूक. पण तो फरक आहे हे कुणीतरी मोजलं म्हणून कळलं.

मग रॅपर वापरावा का?

जरूर वापरावा. त्याच्याशिवाय मोठी कामं होणार नाहीत. फक्त त्याच्याकडून काही गोष्टी मागून घ्याव्यात.

पहिली: त्याने केलेलं भाषांतर बघायला मिळालं पाहिजे. ओपन-एमपीआयच्या रॅपरला 'शो-मी' आणि एमपिचच्या रॅपरला 'शो' असं सांगितलं, की खऱ्या कंपायलरला जाणारी पूर्ण आज्ञा तो छापून दाखवतो. ती निदान एकदा तरी वाचा आणि निकालांसोबत जपून ठेवा.

दुसरी: अनोळखी फ्लॅग गाळू नये. तो गाळून पुढे जाणाऱ्या रॅपरपेक्षा "हे मला येत नाही" म्हणून थांबणारा रॅपर शंभर पटींनी बरा. स्वतः लिहीत असाल, तर ही एवढी एक ओळ विसरू नका.

तिसरी: दशांश गणिताबद्दल मौन नको. प्रत्येक कंपायलरसाठी काटेकोर की वेगवान, हे फ्लॅग देऊन स्पष्ट लिहा. मग भाषांतर करायला रॅपरच्या हातात काहीतरी असेल.

आणि दोन कंपायलरची उत्तरं कधीतरी शेजारी ठेवून पाहा. छोट्या तुकड्यांसाठी मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेलं कंपायलर एक्स्प्लोरर हे फुकट साधन आहे. तिथे तोच कोड वेगवेगळ्या कंपायलरना देऊन, प्रत्येकाने त्याचं काय केलं ते बघता येतं. तासभर कसा जातो कळत नाही.

आईच्या डॉक्टरांकडे शेवटी मी तेच केलं. म्हटलं, "हा शब्द मला नीट सांगता येत नाहीये, तुम्ही तिलाच प्रश्न विचारा, मी एकेक उत्तर सांगते." पाच मिनिटांत उलगडा झाला आणि सोनोग्राफी टळली. घरी आल्यावर आईने आलं-लिंबाचं पाचक घेतलं आणि मला विचारलं, "इतकी वर्षं इथे राहून तुला पित्त सांगता येत नाही?"

अजूनही येत नाही. पण येत नाही हे आता लगेच सांगते.