प्रेक्षक आणि साक्षीदार

चित्रपटगृहात माणसे रडतात, ही गोष्ट आपल्याकडे कोणी विचाराला घेण्याजोगी मानत नाही. समीक्षक पडद्याकडे पाहतो. पडद्याच्या उजेडात त्याच्या शेजारी बसलेल्या चेहऱ्यांकडे तो पाहत नाही. एखाद्या चित्रपटाला बायका फार रडल्या असे कळले, की तो चित्रपट भडक आणि रडणाऱ्या अडाणी, असा निकाल देऊन प्रस्थापित अभिरुची मोकळी होते. परंतु ज्या समाजाला आपले दुःख शतकानुशतके चारचौघांत उच्चारता आले नाही, त्या समाजाने काळोखात, पदरचे पैसे मोजून, शेकडो अनोळखी माणसांच्या संगतीत का रडावे? आणि दिवे लागल्यावर त्या रडण्याचे होते काय? हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने आणि मास्तराने तरी टाळू नये.

मी नांदुऱ्याचा. भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरचे, ज्ञानगंगेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. माझ्या लहानपणी आसपासच्या यात्रांमध्ये तंबूतला सिनेमा येई. कनातीने आतल्या जागेचे दोन भाग केलेले असत; एकीकडे बाया, एकीकडे गडी. पुढे नुसती जमीन, तिच्यामागे बाकडी, आणि सगळ्यांत मागे लोखंडी खुर्च्या. तिकीट देणारा जात विचारीत नसे. ज्या काळात गावातली विहीर आणि देऊळ दोन्ही जात विचारीत होती, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पण आत गेल्यावर माणसे बसत ती आपापल्या आळीने. खुर्च्यांवर अडते, पाटील, वकील, जमिनीवर मजूर, आणि जमिनीच्याही एका कोपऱ्यात आमची वस्ती. हे कोणी ठरवून दिलेले नव्हते, आणि तरीही ते दर खेळाला तसेच घडे.

प्रोजेक्टर एकच असे. त्यामुळे एक रीळ संपले की दिवा लागे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत सगळा तंबू उजेडात बसून राही. प्रेक्षकांच्या वागण्याविषयी जे थोडेफार मला कळले आहे, ते या चार-पाच मिनिटांच्या उजेडात कळले. पडद्यावर आई मरत असताना दिवा लागला, की कनातीपलीकडे एकदम बांगड्यांचा आवाज होई, कारण सगळ्याजणी एकाच वेळी पदराने डोळे पुसायला लागत. अलीकडे गडीमाणसांना खोकला येई. कुणी बिडी पेटवी, कुणी उगाचच पाणी प्यायला बाहेर जाई, आणि मागची पोरे शिट्ट्या मारीत. त्या शिट्ट्यांत टवाळी असे हे खरे, पण ज्याला स्वतःचा गळा दाटून आल्याची लाज वाटते तोच सर्वांत मोठ्याने शिट्टी मारतो, हे मला फार उशिरा समजले. रडणे आणि रडण्यापासून पळणे या दोन्ही गोष्टी प्रेक्षकांत शेजारीशेजारी बसलेल्या असतात.

१९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. बापाने नाकारलेली, सासूने छळलेली आणि शेवटी मरून जाणारी लेक अलका कुबल यांनी रंगवली होती. हा चित्रपट पाहायला खेड्यापाड्यांतून बाया बैलगाड्या आणि ट्रॅक्टर करून आल्या. आत त्यांचे रडणे मुके नव्हते. त्या पडद्यावरच्या सासूला शिव्या देत होत्या, सुनेला हाका मारीत होत्या, एकमेकींचे हात धरीत होत्या. आमच्या वस्तीतल्या, दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जाणाऱ्या एका बाईला मी तेव्हा विचारले होते, की पैसे देऊन रडायला कशाला जातेस? ती म्हणाली, "घरी रडली तं सासू इचारते, कायले रडतं म्हनून. इथं कोन इचारते?"

कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकाने याहून नेमके सांगितलेले माझ्या वाचनात नाही. रडायला कारण लागत नाही, परवानगी लागते. आणि कष्टकरी बाईला ती परवानगी घरात नसते, शेतात नसते. काळोख ती देतो. शेजारची हुंदका देते तेव्हा ती अधिक मिळते. रडणे, हसणे, जांभई या गोष्टी माणसाकडून माणसाकडे पसरतात हे आपण रोज पाहतो. पण ती बाई त्या चित्रपटातल्या मुलीसाठी रडत नव्हती. त्या मुलीच्या निमित्ताने ती आपले रडून घेत होती. येथे मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाड्यावरची बाई आणि तिच्याच शेतात निंदणारी बाई त्या काळोखात सासूच्या एकाच दृश्याला रडल्या. दुसऱ्या दिवशी मजुरी मागताना त्या रडण्याची ओळख कुणी दाखवली नाही. सासुरवासाचे दुःख दोघींचे होते. मजुरीचे आणि जातीचे दुःख एकीचेच होते, आणि पडद्यावर ते नव्हतेच.

शास्त्र याविषयी काय म्हणते? ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे काम सांगताना करुणा आणि भय यांच्या विरेचनाची कल्पना मांडली. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात २७ वा अध्याय नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा आहे. सिद्धी दोन प्रकारची सांगितली आहे. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्याने हसतात, वाहवा करतात, हळहळतात, त्यांच्या अंगावर रोमांच येतात, ते उठून उभे राहतात, अंगावरची वस्त्रे आणि अंगठ्या फेकतात, ही मानुषी सिद्धी. आणि सगळे रंगगृह भरलेले असूनही जेथे आवाज नाही, गडबड नाही, ती दैवी सिद्धी. इतक्या जुन्या ग्रंथाने प्रेक्षकाचे इतके बारीक निरीक्षण केले आहे, हे मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला. रसास्वाद घेताना भाव हे अमक्याचे, तमक्याचे राहत नाहीत. माझे-तुझे गळून पडते आणि ते सर्वसाधारण होतात, असा त्याचा सारांश.

माझी अडचण याच ठिकाणी सुरू होते. 'मी कोण' हे विसरणे सर्वांनाच सारखे सोपे असते काय? ज्याला त्याचे नाव, आडनाव आणि वस्ती दिवसातून दहा वेळा आठवण करून देतात, त्याने पडद्यावरची शिवी सर्वसाधारण म्हणून कशी ऐकायची? साधारणीकरण ही ज्यांची जात त्यांना कधी टोचलेली नाही अशांची सोय आहे, असे म्हणण्याचा मोह मला होतो. हे अगदीच खरे नसेल. पण थोडे खरे आहे.

दैवी सिद्धी मी एकदा पाहिली. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. मराठीत शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला. त्याचे प्रेक्षक कसे वागले हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 'झिंगाट' सुरू झाले की पोरे खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत. चिल्लर उधळली जाई, टोप्या उडत. भरताच्या यादीतले जवळजवळ सारे. आणि त्याच प्रेक्षकांत, तासा-दीड तासानंतर, शेवटच्या दृश्याला टाचणी पडलेली ऐकू यावी अशी शांतता. मी पाहिला त्या खेळाला लोक जिन्यावरूनही न बोलता उतरले. बाहेर स्कूटरला किक मारायलाही कुणी घाई केली नाही.

ती शांतता कशी घडवली गेली, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. आपल्या चित्रपटांत पार्श्वसंगीत हे प्रेक्षकाला दिलेले फर्मान असते. व्हायोलिने वाजू लागली की आता रडायचे, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की प्रसंग पुरता कळण्याआधीच डोळे भरतात. 'सैराट'मध्ये अडीच तास अजय-अतुल यांच्या भरघोस संगीताची सवय लावली जाते आणि शेवटी ते काढून घेतले जाते. खून पडद्यावर होताना दाखवलेला नाही. लहान मूल आत जाते, रडत बाहेर येते, आणि त्याच्या तांबड्या पावलांचे ठसे उमटत जातात. आवाज नाही. काय करायचे हे सांगणारे कोणी नसल्यामुळे प्रेक्षकाला रडून मोकळे होता येत नाही. विरेचन अडवून धरलेले आहे. ब्रेख्तला प्रेक्षक भावनेत बुडायला नको होता, म्हणून तो प्रयोग मध्येच तोडत असे. येथे प्रेक्षकाला आधी गळ्यापर्यंत बुडू दिले आहे आणि मग पाणी सोडून दिले आहे.

पण ही शांतता पडद्याबाहेर काय करते? 'सैराट' येण्याच्या दोन वर्षे आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा सांगितला गेला. त्याला शाळेतून मारहाण करीत नेले गेले होते. दिवसाढवळ्या, माणसांच्या देखत. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे 'सैराट'चा शेवट पाहून सारा महाराष्ट्र सुन्न झाला, त्यानंतर दीड वर्षाने. रडणारे आणि फितूर होणारे एकच होते असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण दोघेही याच समाजातले. चित्रपटगृहात पाहिलेल्या खुनाची साक्ष कुणी मागत नाही. रस्त्यावर पाहिलेल्या खुनाची मागितली जाते, आणि ती देताना नाव सांगावे लागते, त्याच गावात राहावे लागते, त्याच दुकानातून मीठ-मिरची घ्यावी लागते. प्रेक्षकाची करुणा आणि साक्षीदाराचे धैर्य यांच्यामध्ये गावाचा हा सगळा व्यवहार उभा असतो. तो ओलांडायला अश्रू पुरत नाहीत. कधी मजुरी लागते, कधी जमीन लागते, कधी पोलिसांचे संरक्षण लागते.

सगळेच रडणे असे काळोखात विरून जाते असेही नाही. डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट २००० सालचा. आमच्याकडे तो खऱ्या अर्थाने पाहिला गेला तो वस्तीतल्या मैदानात, दोन बांबूंना बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. मामुटी हे नाव तेथे कुणाला ठाऊक नव्हते, आणि कुणी विचारलेही नाही. महाडच्या सत्याग्रहाचे दृश्य आले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. म्हाताऱ्यांनी हात जोडले. कुणीतरी "जयभीम" म्हटले आणि सगळे मैदान उठून उभे राहिले. आजूबाजूला रडण्याचा आवाज होता, पण कुणी डोळे लपवीत नव्हते, गडीमाणसांनाही खोकला आला नाही. हे प्रेक्षक एकत्र आले होते, एकमेकांना ओळखत होते आणि एकत्रच घरी जाणार होते. शिवाय ते दुसऱ्याच्या दुःखाला रडत नव्हते. 'सहृदय' हा शब्द शास्त्राने एकट्या रसिकासाठी ठेवला आहे. त्या रात्री मैदानात जे होते त्याला कोणता शब्द वापरावा, मला अजून सुचलेले नाही.

रडण्याविषयी इतके लिहिल्यावर हसण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण भावनाप्रधान चित्रपटात प्रेक्षक कोठे हसतो यावरून तो स्वतःला कोणाच्या बाजूचा समजतो ते कळते. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत आला. कैकाडी घरातला जब्या, त्याचा बाप कचरू आणि सारे कुटुंब गावाच्या हुकमाने डुकरामागे धावते, आणि गाव बघ्यासारखे बसून हसते. धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. हातचे डुक्कर जाऊ देऊन ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते. चित्रपटगृहातही या धावपळीला हशा पिकतो. पडद्यावरचा गाव आणि खुर्च्यांवरचा गाव एकाच आवाजात हसतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्या तोंडावर, भिरकावतो. पडदा काळा होतो. त्या क्षणी टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. दगड आपल्याला लागला, की आपण तो मारला, हे प्रत्येकाने आपापले ठरवलेले असते, आणि बहुतेकांनी तो आपण मारला असेच ठरवलेले असते.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात मुलांना आम्ही हा चित्रपट दाखवला. एरवी चित्रपट संपला की पोरे ताटे घेऊन जेवायला पळतात. त्या दिवशी आम्ही दिवे लावले आणि दार लावून घेतले. दिग्दर्शन, छायाचित्रण, आशय असले काही विचारायचे नाही असे आधीच ठरले होते. मास्तरांनी एवढेच विचारले, की डुकरामागे ते घर धावत होते तेव्हा कोण कोण हसले?

बराच वेळ एकही हात वर झाला नाही. मग मागच्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला. तो कुठल्या घरचा ते आम्हाला ठाऊक होते. तो म्हणाला, "मी हासलो, सर. आमच्या घरी डुकरं हायेत. सगळे हासत होते, मी नसतो हासलो तं त्यायले कळलं असतं."

त्यानंतर आणखी सात-आठ हात वर आले, आणि जेवण त्या रात्री उशिरा झाले.