लाल रंगाला भुललेला बाजार

फळबाजारात सफरचंदाची पेटी उघडली की गिऱ्हाईक आधी रंग पाहते. लाल म्हणजे गोड आणि हिरवे म्हणजे कच्चे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातून आलेले ‘ग्रॅनी स्मिथ’ पिकल्यावरही हिरवेच असते व चवीला आंबट लागते. ‘गोल्डन डेलिशस’ पिवळे असून गोड असते. लाली किती चढेल हे फळाची जात, ऊन आणि रात्रीचा गारवा यांवर ठरते. गोडी मात्र गरात असते. नुसती साल पाहून तिचा पक्का अंदाज येत नाही.

या समजाची केवढी किंमत मोजावी लागते, हे ‘रेड डेलिशस’च्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत हे झाड आपोआप उगवले. त्याचे फळ पिवळसर, लाल रेघांचे आणि चवीला उत्तम होते. 1893 साली स्टार्क यांच्या रोपवाटिकेने ते हेरले व ‘डेलिशस’ या नावाने त्याची कलमे विकली.

सफरचंदाचे बी लावून तीच जात मिळत नाही, कलमच करावे लागते. कधी एखाद्या फांदीला अधिक लाल फळे लागतात. बागायतदार तीच फांदी निवडत गेले, कारण लाल मालाला भाव होता. रंग गडद झाला, साल जाड झाली आणि चव मागे पडली. 1980 च्या दशकात वॉशिंग्टन राज्याच्या पिकात सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच जातीचा होता. पुढे गिऱ्हाईक ‘गाला’ व ‘फुजी’कडे वळले. इतर कारणांचीही भर पडून बागायतदार तोट्यात गेले आणि 2000 साली सरकारला मदत द्यावी लागली. 2018 साली ‘गाला’ने उत्पादनात पहिला क्रमांक घेतला.

आपल्याकडे सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास हिमाचलातील कोटगढ भागात डेलिशसची रोपे आणली. त्यातून तेथील शेतकऱ्यांचे भले झाले, हे नाकारता येत नाही. परंतु काश्मीरची अस्सल जात ‘अंबरी’ डेलिशसच्या रेट्यात मागे पडली. अंबरी सुवासिक आहे आणि पुष्कळ दिवस टिकते. तरी तिच्या बागा घटत गेल्या. बाजार जे उचलतो, तेच शेतकरी लावतो.

कापडाचेही असेच आहे. भडक रंगाखाली हलके सूत खपून जाते, पण पहिल्या धुण्यात त्याचा निकाल लागतो. मग ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

फळांचा धंदा करणाऱ्या बांधवांनी पेटीवर जातीचे नाव लिहावे, एक फोड कापून चाखायला द्यावी आणि आंबट मालाला आंबटच म्हणावे. रंगावर पहिली पेटी विकली जाईल, दुसरी मात्र चवीवरच विकली जाते.