अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा मेळ

घरात संगीत ऐकण्यासाठी स्पीकरची नवी जोडी घ्यावयाची ठरली, म्हणजे तिच्याबरोबर कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा हा प्रश्न ओघानेच येतो. बंगळूरच्या जुन्या पेठेतील सदर पत्रप्पा रस्ता, ज्याला सारे शहर एस. पी. रोड या नावाने ओळखते, हा अशा उपकरणांचा मोठा बाजार. तेथील दुकानांत काय, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच आकड्यात दिले-घेतले जाते. स्पीकर शंभर वॅटचे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरही शंभर वॅटचा! हे उत्तर सोपे आहे खरे. परंतु वधूवरांच्या पत्रिका पाहण्याऐवजी दोघांची उंची मोजून समाधान मानावे, तसा हा प्रकार आहे. उंची जुळते आणि संसार मात्र जुळत नाही.

स्पीकरच्या पाठीवर छापलेले वॅट ही त्याने निर्माण केलेली शक्ती नव्हे. त्याला किती शक्ती सोसवेल, याची ती मर्यादा होय. एखाद्या पुलावर दहा टनांची पाटी असली, म्हणून त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी दहा टनांचीच असली पाहिजे असे कोणी म्हणत नाही. तेव्हा दोन आकडे समान आहेत की नाहीत, हे पाहण्यापूर्वी या दोन उपकरणांमध्ये देवघेव कशाची चालते, हे समजून घेतले पाहिजे.

आज घरोघरी असलेला स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो, त्याला व्यवहार्य रूप दिले ते राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी, १९२५ साली. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे टांगलेले असते आणि त्याला कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा शंकू जोडलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा विद्युत्‌प्रवाह संगीताच्या लहरींबरहुकूम बदलत राहतो. त्याबरोबर वेटोळे मागेपुढे सरकते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज उमटतो. या व्यवहारात स्पीकर मोठा उधळ्या आहे. त्याला मिळालेल्या शक्तीच्या शंभर भागांपैकी एखादाच भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, ध्वनिरूपाने बाहेर पडतो. उरलेल्या सर्व भागाची वेटोळ्यात उष्णता होते.

कोणता स्पीकर किती उधळ्या आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे त्याची संवेदनक्षमता. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे त्यावरून कळते. डेसिबलचे गणित विलक्षण आहे. आवाज तीन डेसिबलने वाढवावयाचा तर शक्ती दुप्पट लागते. सहा डेसिबलने वाढवावयाचा तर चौपट. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटावा, इतका म्हणजे दहा डेसिबलने वाढवावयाचा, तर दसपट. यावरून असे दिसेल, की ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये जेवढा आवाज देईल, तेवढाच आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून काढण्यासाठी १०० वॅट खर्चावे लागतील. ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सोडून ६० वॅटचा घेण्यासाठी ग्राहक हजारो रुपये अधिक मोजतो. त्या दहा वॅटनी पडणारा फरक एका डेसिबलहूनही कमी, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका असतो.

हेच मर्म वाद्यांच्या जगातही दिसते. बंगळूरमध्ये १९८० साली व्हायोलिनच्या आकाराचे जे सभागृह उभे राहिले, ते ज्यांच्या स्मरणार्थ, त्या टी. चौडय्या यांनी सात तारांचे व्हायोलिन प्रचारात आणले. मैफलीत ध्वनिवर्धक नसत त्या काळी वाद्याचा नाद मागच्या श्रोत्यापर्यंत पोहोचावा, हा त्यामागील हेतू. गजावरील जोर वाढवीत राहण्यापेक्षा त्यांनी वाद्यच अधिक नादवान केले. स्पीकर निवडतानाही हाच मार्ग लाभाचा ठरतो.

दुसरी बाब संरोधाची. स्पीकरवर ४, ६ किंवा ८ ओहम असा जो आकडा असतो, तो विद्युत्‌प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा. मात्र हा आकडा केवळ नावापुरता असतो. स्वर बदलला की संरोधही बदलतो. खर्जातील एखाद्या ठिकाणी ८ ओहमचा स्पीकर २०-३० ओहमपर्यंत चढतो, तर दुसरीकडे तो नावापेक्षाही खाली उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही उतरण लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ आणि ४ ओहमच्या स्पीकरने ३.२ ओहमच्या खाली जाऊ नये. सर्वच उत्पादक हा दंडक पाळतात असे नाही.

ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार विरोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो. २० व्होल्टचा दाब ८ ओहमच्या स्पीकरवर आला तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि शक्ती भरते ५० वॅट. तोच दाब ४ ओहमवर आला तर प्रवाह पाच अँपिअर आणि शक्ती १०० वॅट. हा जादा प्रवाह पुरविण्याची ऐपत अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि ट्रान्झिस्टरांमध्ये नसेल, तर तो तापतो, संरक्षक यंत्रणा असल्यास बंद पडतो, नसल्यास जळतो. म्हणून ४ ओहमचे स्पीकर घेणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ४ ओहमसाठी शक्तीचा वेगळा आकडा दिला आहे काय, हे पाहावे. तो ८ ओहमच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असेल, तर यंत्राची पाठराखण भक्कम आहे असे समजावे. घरातील जुनी जोडी नव्या जोडीबरोबर त्याच तारांना समांतर जोडून देण्याची हौस अनेकांना असते. ८ ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की ४ ओहमचा भार होतो, ही गोष्ट तेव्हा ध्यानात राहत नाही.

‘दोन्हींचे ओहम सारखे हवेत’ हा जो समज अद्याप ऐकू येतो, तो व्हॉल्व्हच्या काळातला. बंगळूरजवळील जालहळ्ळी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६१ साली व्हॉल्व्हचे आणि १९६२ साली जर्मेनियमच्या अर्धवाहकांचे उत्पादन सुरू झाले. एका युगाची अखेर आणि दुसऱ्याचा आरंभ अशा रीतीने एकाच आवारात झाला. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके असत आणि आजही असतात. तेथे योग्य टोक निवडणे अगत्याचे असते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध मात्र ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो, आणि तो स्पीकरच्या मानाने जितका कमी, तितका शंकू लगामात राहतो. तबल्याच्या डग्ग्यावरील थाप जेथे संपावयास हवी तेथे संपते. हा लगाम तारेमुळे ढिला पडू नये. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध ओहमच्या दशांशाच्या आसपास राहतो आणि तो चालण्यासारखा असतो. घंटेसाठी वापरतात तसली बारीक तार मात्र टाळावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोठा अ‍ॅम्प्लिफायर लहान स्पीकर जाळून टाकील, अशी भीती सर्वांना वाटते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु घरगुती वापरात नाजूक स्पीकरचा घात पुष्कळदा अशक्त अ‍ॅम्प्लिफायरच करतो. संगीत एका पातळीवर वाहत नाही. खोलीत सरासरी एक वॅट खर्च होत असताना मृदंगाच्या एखाद्या आघाताला क्षणभर दहापट, तीसपट, कधी शंभरपट शक्ती लागते. अ‍ॅम्प्लिफायरपाशी ती नसली, की लहरीचा माथा सपाट छाटला जातो. छाटलेल्या लहरीत मूळ संगीतात नसलेले वरचे स्वरांश उत्पन्न होतात. आवाज आणखी वाढवीत गेल्यास उंच स्वरांचा वाटा फुगत जातो आणि तो सर्व त्या स्वरांसाठी असलेल्या छोट्या स्पीकरवर, म्हणजे ट्वीटरवर येऊन पडतो. त्याचे वेटोळे अत्यंत बारीक तारेचे; सतत सोसण्याची त्याची शक्ती थोड्याच वॅटची. ते जळते आणि दोष मात्र स्पीकरला लागतो.

जळण्यापूर्वीही कानाचे नुकसान झालेलेच असते. भारतीय संगीताचा पाया जो तानपुरा, त्याचे सारे वैभव स्वरांशांत आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना तानपुरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीचा अभ्यास करून तिच्यामुळे उंच स्वरांश कसे समृद्ध होतात हे १९२१ साली दाखवून दिले. पुढे १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. कलावंत जवारी लावताना ज्या स्वरांशांसाठी तासन्‌तास कष्ट घेतो, त्यांतच छाटलेल्या लहरीचे खोटे स्वरांश मिसळले, तर श्रोत्याला जे ऐकू येते ते त्या कलावंताचे नव्हे.

मग मोठे वॅट घ्यावेत ते शेजाऱ्यांना संगीत ऐकविण्यासाठी नव्हे. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल अशी आहे. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचे प्रयोजन क्षणिक आघातांपुरते. एरवी ती शक्ती राखीव राहावी.

हे वॅटही खरे असले पाहिजेत. जाहिरातींत क्षणभराच्या शिखराचे फुगविलेले आकडे देण्याची प्रथा जुनी आहे. तिला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ साली अखंड शक्तीचा आकडा सांगण्याचे बंधन घातले. दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असता, ८ ओहमवर, अल्प विरूपणासह अखंड किती वॅट मिळतात, एवढाच आकडा ग्राहकाने विचारावा.

बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा सामान्य खोलीत ८८ डेसिबलच्या आसपासचे ८ ओहमचे स्पीकर असतील, तर असे ४० ते ६० खरे वॅट बहुतेकांस पुरतात. संवेदनक्षमता कमी, संरोध कमी किंवा खोली मोठी असेल, तर त्या मानाने अधिक घ्यावेत. पैसे देण्यापूर्वी ओळखीच्या गायकाचे ध्वनिमुद्रण लावावे, आवाज घरी ठेवतो तेवढाच ठेवावा आणि गाण्यामागचा तानपुरा ऐकावा. त्याच्या चारही तारा वेगळ्या ओळखू येत असतील, आणि तबल्याच्या थापेबरोबर त्या कर्कश होत नसतील किंवा लोपत नसतील, तर त्या अ‍ॅम्प्लिफायरचा त्या स्पीकरशी मेळ बसला आहे असे समजण्यास हरकत नाही.