कटर मशीन अचानक मागे का उसळतं? आरा, ग्राइंडर आणि चेनसॉ वापरताना बोटं कशी वाचवायची?

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटलं की सागवान आठवतंच. अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाजांसाठी लागणारं सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून रवाना झालं, तेव्हा ही गोष्ट देशभर पोहोचली. आलापल्लीच्या सागवानाला तर वेगळी ओळख सांगायची गरजच नाही.

पण जंगलातलं झाड तुमच्या घराचा दरवाजा होईपर्यंत अनेक हातांतून जातं. कूपातला मजूर, आरागिरणीतला कामगार, गावातला सुतार. या प्रत्येकाच्या हातात आता विजेवर किंवा पेट्रोलवर चालणारं यंत्र आहे. कटर मशीन ऑनलाइनही मिळतं, त्यामुळे घरच्या घरी फळी कापणारेही वाढले आहेत. यंत्र सगळ्यांपर्यंत पोहोचलं, ते वापरायचं कसं ही माहिती मात्र तेवढी पोहोचली नाही.

हात मागे घेता येत नाही का?

नाही. थोडं गणित करू.

टेबलवर बसवलेल्या आऱ्याचं १० इंची पातं मिनिटाला साधारण ४,००० वेळा फिरतं. म्हणजे त्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

आता माणसाचं बघा. काहीतरी चुकतंय हे कळून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. तेवढ्या वेळात आऱ्याचं पातं १३ फेरे पूर्ण करतं. पात्याला ४० दात असतील, तर ५०० हून जास्त दात तिथून गेलेले असतात. त्यामुळे "मी सावध असतो, मला काही होत नाही" या वाक्याला अर्थ उरत नाही. जी काळजी घ्यायची, ती बटण दाबण्याआधीच घ्यावी लागते.

मग नेमकं चुकतं कुठे?

बऱ्याच अपघातांमागे एक प्रकार असतो. त्याला किकबॅक म्हणतात, म्हणजे लाकूड किंवा यंत्र उलटं अंगावर उसळणं.

टेबल आऱ्यावर पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, तर मागचे दात खालून वर येतात. झाड वाढत असताना त्याच्या खोडात ताण साठलेला असतो. ओंडका उभा चिरला की हा ताण सुटतो आणि चिरलेली फट कधी कधी मागून पुन्हा मिटते. पातं मध्ये चिमटलं जातं, मागचे दात फळी उचलतात आणि ती थेट कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकली जाते. फळी ढकलणारा हात त्याच झटक्यात पात्यावर पडू शकतो.

हातातल्या कटरमध्ये उलटं होतं. लाकूड जागेवर राहतं आणि मशीनच मागे उडी मारतं. चेनसॉच्या पट्टीचं वरचं टोक कशाला टेकलं, तर पट्टी झपकन डोक्याकडे येते.

याच्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पात्याच्या बरोबर मागे एक पोलादी पाती बसवलेली असते. तिला रायविंग नाइफ म्हणतात. ती फट मिटू देत नाही. अनेक ठिकाणी ती "मध्ये येते" म्हणून काढून ठेवलेली असते.

सागवानाचा वेगळा त्रास काय?

सागवानात सिलिका असते, वाळूतला घटक. त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. बोथट पातं लाकूड कापत नाही, म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावल्यावर हात सटकतो. म्हणूनच कार्बाइडचे दात असलेलं पातं घ्यावं आणि त्याला वेळेवर धार लावावी.

दुसरा त्रास भुशाचा. सागाच्या भुशाने काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्यामुळे रोज काम करणाऱ्याने साधा रुमाल न बांधता धूळ अडवणारा मास्क वापरावा.

सगळ्यात धोकादायक जुगाड कोणता?

ग्राइंडर किंवा मार्बल कटरला लाकडाचं दातेरी पातं लावणं. ही यंत्रं दगड आणि लोखंडासाठी असतात. लाकडाच्या कटरला स्प्रिंगवर आपोआप मिटणारं खालचं झाकण असतं, ते यांना नसतं. शिवाय पात्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल, तर दात तुटून उडू शकतात.

दुसरा जुगाड म्हणजे लाकडाच्या कटरचं तेच झाकण तारेने वर बांधून ठेवणं. तिसरा, ग्राइंडरचं बटण लॉक करून काम करणं. मध्येच वीज गेली, मशीन तसंच खाली ठेवलं आणि वीज परत आली, की ते आपोआप सुरू होतं. वीज गेली की आधी बटण बंद करा आणि पिन काढा.

बटण दाबण्याआधी काय बघायचं?

- गळ्यातला दुपट्टा, हातातलं कडं, धागा, सैल बाही काढा. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही नकोत, मोजा अडकला तर हात आत ओढला जातो.
- डोळ्यांवर चष्मा, कानांत प्लग.
- फळीत खिळा नाही ना, हे तपासा.
- फळी शिकंजात पकडा, पायाखाली धरू नका.
- टेबल आऱ्यावर पातं फळीच्या थोडंच वर ठेवा. पात्याच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभे राहा.
- हात पात्यापासून एक वीत लांब ठेवा. फळी अरुंद असेल तर लाकडी काठीने ढकला.
- पातं बदलताना पिन आधी काढा.
- अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलेल्या बोर्डावरच मशीन लावा.

कायदा काय सांगतो?

यंत्राचे धोकादायक फिरते भाग झाकलेले असावेत, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिलं होतं. ही जबाबदारी मालकाची. पण कायद्याला कामगारांच्या संख्येची अट होती. दोन-तीन माणसांचं सुताराचं दुकान त्यात सहसा बसत नव्हतं. तिथे मिस्त्रीच नियम ठरवतो, आणि शिकाऊ पोरगा त्याचं बघून शिकतो.

बोट तुटलंच तर?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि १०८ ला फोन करा. हळद, रॉकेल काही लावू नका. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर ते खराब होतं.

बोट पुन्हा जोडायला सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लागतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा नागपूर गाठावं लागतं. चंद्रपूरहून ते सुमारे १५० किलोमीटर आहे, सिरोंचाहून त्याच्या दुपटीहून जास्त. पुण्या-मुंबईत वाचू शकणारं बोट इथे रस्त्यातच हातचं जाऊ शकतं. म्हणून काढून ठेवलेलं झाकण आणि रायविंग नाइफ आजच परत बसवा. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.